650 शब्दांत मी

कॉमन अ‍ॅपच्या निबंधाला कमाल मर्यादा 650 शब्दांची. तेवढ्यात सतराव्या वर्षी ‘मी कोण’ ते सांगायचं. माझी मावसबहीण तीन आठवडे त्यातच अडकलीय. परवा तिनं विचारलं, “दादा, बाबांची नोकरी गेली ते लिहू? भारी वाटेल ना?”

‘भारी’ हा शब्द टोचला. मला इंजिनिअरिंगला प्रवेश सीईटीच्या मार्कांवर मिळाला. ती पद्धत निर्दय होती, पण घरातलं दुःख मागत नव्हती. शाळेत ‘मी पाहिलेला अपघात’ आपण न पाहताच लिहायचो; इथे मुलं खरा अपघात शोधत बसतात.

म्हटलं, “काकांना वाचून दाखवता येईल तेवढंच लिही.”

ती बराच वेळ गप्प. मग तिनं फाईल काकांनाच पाठवली.