देवगिरीचे ताल, पॅरिसचे पियानो

१० मे १९४३. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. अशा दिवसांत त्या शहरात दोन पियानोंवर दोघे जण बसले होते. एक होते चौतीस वर्षांचे संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ आणि दुसरी त्यांची एकोणीस वर्षांची शिष्या इव्होन लोरिओ. रचना होती ‘व्हिजियाँ द लामेन’, सात भागांची, सुमारे पाऊण तासाची. विसाव्या शतकातल्या पियानोच्या जुगलबंद्यांत हिचा मान फार वरचा आहे.

या रचनेत कामाची वाटणी मोठी नेटकी आहे. तालाचे अवघड हिशेब, वेगाच्या जागा आणि झगमगते स्वरपुंज पहिल्या पियानोकडे, म्हणजे लोरिओंकडे. मुख्य धून आणि तिचा सारा भावनिक भार दुसऱ्याकडे, म्हणजे खुद्द मेसियाँकडे. पहिल्या भागात दुसरा पियानो खर्जात, ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजात धून सुरू करतो. वरच्या सप्तकांत पहिला पियानो घंटानाद करत राहतो. आवाज वाढत वाढत शिगेला पोहोचतो आणि भाग संपतो. सबंध भागात एकच चढण आहे, कुठेही उतार नाही.

खानदेशातल्या वाचकाने इथे कान टवकारावेत. मेसियाँची तालदृष्टी ज्या ग्रंथावर पोसली, तो ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी लिहिला गेला. लेखक शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून आलेले आणि हा स्वतः राजा सिंघणाच्या पदरी अधिकारी. ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात त्याने १२० देशी ताल नोंदवले. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये हा ग्रंथ छापला. पुढे जोआनी ग्रोसे या फ्रेंच अभ्यासकाने १९१३ च्या एका संगीतकोशात भारतीय संगीतावर दीर्घ लेख लिहिला आणि तीच तालांची यादी दिली. तरुण मेसियाँच्या हाती ती लागली आणि त्यांनी ती जन्मभर सोडली नाही. युद्धकैद्यांच्या छावणीत १९४१ मध्ये प्रथम वाजलेल्या त्यांच्या चतुष्टयात पियानोकडे रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून दिलेले आहेत.

याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख सांगतो, की आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने तिथे मठ काढला. त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’त छंदांचाही हिशेब आहे. गायत्रीच्या सहा अक्षरी चरणात लघु-गुरूंच्या मांडण्या किती, तर ६४. म्हणजे लघु-गुरूंचे गणित आजच्या जळगाव जिल्ह्यात शिकवले जात होते आणि त्याच राजाच्या दरबारात लघु-गुरूंनीच ताल बांधले जात होते. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. एकाच दरबाराची ही विद्या होती.

मेसियाँनी यातून काय घेतले, हे हातावर टाळी देऊन बघावे. ढेंकी नावाचा ताल आहे: गुरू, लघू, गुरू. दोन मात्रा, एक मात्रा, दोन मात्रा. शेवटाकडून वाचला तरी तोच. उलटवूनही न बदलणाऱ्या अशा लयबंधांवर मेसियाँनी आपले तालशास्त्र उभे केले. त्यांना संस्कृत येत नव्हते. आवर्तन, ठेका, सम या आपल्या चालत्या व्यवहाराशीही त्यांचा संबंध नव्हता. ताल त्यांनी नुसत्या कालमापांच्या माळा म्हणून घेतले, त्यामुळे आपल्या तबलजीला ते परके वाटतील. पण या १२० तालांपैकी बहुतेक आपल्या मैफलींतून केव्हाच गेले. आपण विसरलो ते एका फ्रेंच माणसाने वाजते ठेवले. हे ऋण मोकळेपणाने मानले पाहिजे.

‘व्हिजियाँ’च्या पाचव्या भागात पक्षी गातात. पुढे पक्ष्यांचे गाणे टिपणे हे मेसियाँचे व्रतच झाले. १९८८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला गेले, तिथल्या लायरबर्डने त्यांना वेड लावले आणि अखेरच्या मोठ्या वाद्यवृंदरचनेचा एक भाग त्या पक्ष्याच्या नावे झाला. ऑस्ट्रेलियाचे संगीतकार रॉस एडवर्ड्स हेही किड्या-बेडकांच्या आवाजांतून आपली लय घेतात. ब्रिस्बेनच्या लियम व्हायनी आणि अ‍ॅना ग्रिनबर्ग यांच्यासारख्या जोड्या तिथल्या नव्या रचना दोन पियानोंवर वाजवतात. फ्रेंच आणि नवे ऑस्ट्रेलियन संगीत एका कार्यक्रमात शोभते ते अशा नात्यांमुळे.

असा कार्यक्रम खानदेशात व्हावा. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव होतो, म्हणजे ऐकणारे कान इथे आहेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, म्हणजे जुन्या पोथ्यांची कदर आहे. दोन मोठे पियानो आणणे खर्चाचे असेल, तर एका पियानोवर चार हातांनी सुरुवात करता येईल. संगीतकार राव्हेल यांची अशीच चार हातांची रचना ‘मा मेर ल्वा’ १९१० मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर प्रथम वाजवली ती दोन लहान मुलींनीच. मध्यंतरापूर्वी एखाद्या तबलावादकाने ढेंकी, चंद्रकला हातावर मोजून दाखवावेत आणि मग पियानो ऐकावा. जळगाव-धुळ्याच्या संगीतसंस्थांनी आणि तबल्याच्या गुरुजनांनी हे मनावर घ्यावे, ही कळकळीची विनंती.