राजीखुशीने

आमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा एक कागद आहे. कुळाचा हक्क आपण 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' सोडत आहोत, असं त्यावर लिहिलंय. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई जरा जास्तच लागलेली. १९४८चा कूळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७पासून कसेल तो मालक असं ठरलं, आणि त्याच सुमारास राज्यात कितीतरी कुळांनी असे राजीनामे लिहून दिले. मामलेदारानं कुळाला समोर बोलावून खातरजमा करायची, अशी कायद्यात सोय होती. आजोबांनाही विचारलं गेलं, कुणाचा दाब नाही ना? ते नाही म्हणाले. मालक बाहेर व्हरांड्यात पानाला चुना लावत उभे होते.

मालकांनी धमकी दिली नव्हती, हे घरात सगळेच सांगत. उलट आत्याच्या लग्नात भाताची पोती पाठवली होती, आजीच्या अडल्या बाळंतपणात रात्री गाडी जुंपून दिली होती. 'उद्या त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?' एवढंच आजोबा म्हणत. धमकीला निदान चिडता तरी येतं. भाताच्या पोत्यांवर कसं चिडायचं?

सोळाव्या शतकात ला बोएसी नावाच्या फ्रेंच तरुणाला प्रश्न पडला होता की हजारो माणसं एकट्याचं का ऐकतात. त्याच्या मते एक कारण सवय. आणि दुसरं असं की त्या एकाभोवती पाच-सहा जण असतात, त्यांच्याखाली सहाशे, त्यांच्याखाली सहा हजार, आणि प्रत्येकाच्या ताटात काहीतरी पडतं. वसई-विरारमध्ये हे कळायला पुस्तक लागत नाही. नळजोडणी, शाळेतला प्रवेश, इस्पितळातली खाट, प्रत्येक ठिकाणी एक 'आपला माणूस' असतो. तो काम करतो, अगदी मनापासून करतो. त्याची पावती मात्र फाडलेली नसते, त्यामुळे देणं कधी फिटत नाही.

वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीत याचंच उघडंवाघडं रूप होतं. लग्नासाठी मालकाकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. हिशेब मालकाच्या वहीत, बऱ्याचदा नुसताच त्याच्या तोंडी. १९७६च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं असली कर्जं रद्द केली. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावरच टाकली. याहून सोपं काय करणार? तरी गडी सुटले नाहीत. तहसीलदारासमोर उभं राहून मालकाचं नाव कुणी घ्यायचं? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली, तेव्हा कुठे ती नावं जबाबात उतरू लागली. कायदा तोच होता, शेजारी उभी राहणारी माणसं नवीन होती.

बाबांनी सत्तेविरुद्ध पहिली सही केली ती हरित वसईच्या एका निवेदनावर. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसई संरक्षण समिती तेव्हा वाड्या, विहिरी आणि जमिनी वाचवायला उतरली होती. बिल्डर आणि त्यांच्या पाठीराख्यांबद्दल चहाच्या टपरीवरही आवाज खाली आणून बोलायचे ते दिवस. बाबांनी कागद हातात घेतला आणि मजकूर न वाचता आधी वरची नावं वाचली. चार ओळखीची सापडली, मग पेन मागितलं. मला यात भित्रेपणा दिसत नाही. एकट्यानं छाती पुढे काढणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. गावात बहुतेक जण वरची नावं बघूनच सही करतात. म्हणून पहिलं नाव घालणारा फार मोलाचा.

२०१६मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए) प्रारूप प्रादेशिक आराखडा आला आणि हरित पट्टा पुन्हा पणाला लागला. वसईतून हजारो हरकती गेल्या. आमच्या ओट्यावरही टेबल मांडलं होतं. समोरच्या अण्णांनी हरकत पूर्ण वाचली, एक शुद्धलेखनाची चूक काढली, पण सही करेनात. मुलगा एका नगरसेवकाच्या वशिल्यानं कामाला लागलेला. 'माझं नाव नको,' म्हणाले. थोड्या वेळानं परत आले आणि आमच्या वाडीतल्या सगळ्या अर्जांच्या झेरॉक्सचे पैसे देऊन गेले.