मुक्या जिवाचे दुखणे

कांदिवलीच्या महावीरनगरात हळदीच्या व्यापाऱ्याचे एक घर आहे. घराणे मूळचे सांगलीचे. मूठभर हळद हुंगून तिची प्रत सांगणारे आजोबा यंदाच्या चातुर्मासात मात्र घरातल्याच एका वासाला चुकले.

गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेली मनी आता घरचीच झाली होती. दूध आणि दुधात कुस्करलेली पोळी हा तिचा आहार. ती शेपटीखालचा भाग सारखी चाटू लागली, तेव्हा आजोबांनी तिच्या स्वच्छतेचे कौतुक केले. पुढे ती फरशीवर बूड घासू लागली, उग्र दर्प येऊ लागला. तिने आपली पाटी सोडून कोपऱ्यात घाण केली आणि आजोबांनी तिला रागाने गॅलरीत कोंडले.

संध्याकाळी सूनबाईंना गुदद्वाराच्या एका बाजूस लाल सूज दिसली. आजोबांनी हळदीचा लेप सुचवला. नातवाने पॅरासिटामॉलची गोळी कुटायला घेतली. सूनबाईंनी दोघांना थांबवून पशुवैद्यांना फोन केला. पहिली सूचना मिळाली ती हीच : गोळी मुळीच देऊ नका. मांजराचे शरीर ते औषध पचवू शकत नाही. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

तपासणीत उलगडा झाला. मांजराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील चार आणि आठ या आकड्यांच्या जागी, दोन लहान पिशव्या असतात. घट्ट मल बाहेर पडताना त्यांवर दाब येऊन आतील द्राव निघून जातो. मल सतत पातळ राहिला, तर पिशव्या नीट रित्या होत नाहीत. द्राव साकळतो, संसर्ग होतो, गळू फुटतेही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. ज्या वाटीत घराची माया होती, तिच्यातूनच हे दुखणे आले होते.

भूल देऊन पिशवी धुतली, औषधे दिली. पिशव्या घरी दाबू नयेत, निरोगी मांजराच्या तर नाहीच, अशी ताकीद मिळाली. दुसरी गोष्ट ऐकणे अधिक कठीण होते. मांजर जन्माने मांसाहारी. दूध-पोळीवर त्याला पुरेसे टॉरिन मिळत नाही आणि त्याच्या अभावी डोळे व हृदय निकामी होऊ शकतात.

घर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "सूनबाई, व्रत आपण घेतले आहे, तिने नाही. डॉक्टर सांगतील तसे करा. तिची वाटी तेवढी गॅलरीत ठेवा."

आता दुकानाच्या जुन्या रोजवहीत आजोबा मनीच्या मलाची नोंद ठेवतात : घट्ट की पातळ. क्षमावणीच्या दिवशी सर्वांची क्षमा मागून झाल्यावर ते गॅलरीत गेले, मनीजवळ बसले आणि त्यांनी हात जोडले.