पोटाला आधार

न्याहारीची परीक्षा ती ताटात असताना होत नाही. ती पोटात जाऊन एक प्रहर लोटल्यावर, हातातले काम अर्ध्यावर आणि दुपारचे जेवण अद्याप दूर असताना होते. रुची, सुगंध, वर भुरभुरलेली शेव-कोथिंबीर यांचा अंमल जिभेपुरता व घटकाभराचा; पुढे उरतो तो पोटाला मिळालेला आधार, आणि तो किती वेळ टिकला एवढीच त्या न्याहारीच्या खात्यावरील खरी जमा. मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला असलेल्या या मारुंजीत ज्याचे बालपण भातखाचरांत, तारुण्य चिंचवडच्या कारखान्यात आणि वार्धक्य हिंजवडीच्या संगणकी कचेऱ्यांच्या शेजारात गेले, त्याने एकाच गावात राहून तीन निरनिराळ्या युगांच्या न्याहाऱ्या खाल्ल्या आहेत. म्हणून ही खतावणी मांडण्यास मी अगदीच अनधिकारी नसावा.

आमच्या लहानपणी उठल्याबरोबर खाण्याचा शिरस्ता नव्हता. गुळाचा कोरा चहा घेऊन माणसे अंधारातच शेताची वाट धरीत, आणि आषाढात भातलावणी चालू असली म्हणजे पोटरीभर चिखलात वाकून वाकून कमरेचे काटे ढिले होईपर्यंत न्याहारीचे नाव निघत नसे. ऊन वर आले, की आई डोक्यावर पाटी घेऊन बांधावर येई. फडक्यात आदल्या रात्रीच्या नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकऱ्या, लसणाचा ठेचा, आणि कासंडीत ताक. रात्रभर राहिलेल्या त्या भाकरीची कड चिवट झालेली असे. ती दातांनी तोडावी लागे, आणि मधला मऊ भाग ताकात कुस्करून, चिमूटभर मीठ टाकून, बुक्कीने फोडलेल्या कांद्याबरोबर खावा लागे. खाण्याची घाई कोणालाच नसे, कारण ते खाणे हीच विश्रांती होती. त्यानंतर दिवस कलेपर्यंत कोणाच्या तोंडून भुकेचा शब्द निघाल्याचे मला आठवत नाही.

या शिळ्या भाकरीला त्या काळी दारिद्र्याची खूण मानीत, आणि पाहुणा आला तर ती फडक्याखाली दडवीत. परंतु तिच्या बाजूने आता शरीरशास्त्रच साक्ष देत आहे. शिजलेले धान्य थंड होऊन काही काळ राहिले, की त्यातील पिष्टाचा काही अंश पुन्हा घट्ट बांधला जातो. तो लहान आतड्यातील पाचकरसांना दाद देत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात उतरून तेथील सूक्ष्म जंतूंच्या वाट्याला येतो. हा अंश काही फार मोठा नसतो, आणि केवळ शिळेपणाला सारे श्रेय देणे अन्यायाचे होईल. जात्यावर भरडसर दळलेल्या पिठात कोंडा तसाच राही. चावण्यास वेळ लागे. आणि जठर भरल्याची वर्दी मेंदूच्या दरबारी पोहोचण्यास जी पंधरा-वीस मिनिटांची मुदत लागते, ती मुदत ही भाकरी खाणाऱ्याकडून आपोआप पाळून घेत असे. चरकाने कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन आहाराला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांना मोकळा ठेवावयास सांगितला आहे. भाकरी आणि ताक यांची बांधावरची ती वाटणी आईने कोणत्याही संहितेवाचून बिनचूक केलेली होती.

पुढे कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली, आणि वाकड-थेरगावावरून सायकल हाणीत, पवनेचा पूल ओलांडून सातच्या पाळीला पोहोचणे हा दिनक्रम झाला. येथे भूक सूर्याच्या ताब्यातून निघून कायद्याच्या ताब्यात गेली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला पाच तासांहून अधिक काळ सलग राबविण्यास मनाई करून मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती बांधून दिली होती, आणि 250 हून अधिक कामगार जेथे असतील तेथे उपाहारगृह सक्तीचे करण्याची मुखत्यारीही सरकारला दिली होती. आमच्या उपाहारगृहात साडेनऊला पोहे मिळत. पोह्यांवर माझे प्रेम आहे आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल करताना मला संकोच वाटतो. पण साळ भिजवून, भाजून, चेपून ज्याचे निम्मे शिजणे आधीच उरकलेले असते, त्या धान्याला पाण्याचा हात लागला की दातांना काम उरत नाही, आणि जठरालाही फारसे उरत नाही. हजेरीपट सांभाळणाऱ्याला माणसांची ये-जा न बघताही दिसते. पोहे खाल्लेली मंडळी अकराच्या सुमारास चहाच्या निमित्ताने जागेवरून उठू लागत. घरून भाकरीचा डबा आणणारे खेड-मावळचे गडी मात्र यंत्रावरून हलत नसत. तेच पोहे मूठभर शेंगदाण्यांनिशी, किंवा मोड आलेल्या मटकीच्या उसळीत बुडवून खाल्ले, तर गोष्ट निराळी होई. डाळी-कडधान्यांतील प्रथिने आणि तंतू जठराला सावकाश रिकामे होण्यास भाग पाडतात.

भूक केवळ रिकाम्या पोटाने लागते, हा समजही त्या नोकरीने मोडला. रविवारी ओसरीवर स्वस्थ पडलो असतानाही साडेनऊ झाले की पोटात भोंगा वाजे. 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे, भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे द्रव्य शोधून काढले. आणि नित्याच्या जेवणवेळेच्या आधीच ते रक्तात चढू लागते व खाल्ल्यावर उतरते, हे 2001 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. म्हणजे कारखान्याने माझ्या हाताबरोबर माझ्या जठराचीही हजेरी लावून घेतली होती.

तृप्तीचे मोजमाप करण्याचा एक उद्योग ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 38 पदार्थांचे, प्रत्येकी 240 कॅलरींचे वाटे लोकांना खाऊ घातले, आणि पुढचे दोन तास त्यांना भूक किती हे विचारीत राहिले. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर कॉर्नफ्लेक्सला 118, अंड्यांना 150, ओटच्या लापशीला 209, आणि उकडलेल्या बटाट्याला 323! मात्र तोच बटाटा कापून तळला की 116 वर घसरतो, कारण तेल शिरले म्हणजे तेवढ्याच कॅलरींचा वाटा ताटात अगदी लहान दिसतो. आमच्याकडे बटाट्याला तेलात लोटून वर पावाची संगत जोडून देतात, याचे त्या संशोधकांना काय वाटले असते कोण जाणे. त्या यादीत भाकरी नव्हती, याची मला अजून हळहळ वाटते.

आज खाचरांच्या जागी वीस-वीस मजली इमारती आहेत, आणि आमच्या घरात सकाळी ओट्स शिजतात. सूनबाई हिंजवडीत नोकरीला. पाळी रात्रीची असली म्हणजे तिची न्याहारी आमच्या निजण्याच्या वेळी होते. मिनिटभरात तयार होणाऱ्या पाकिटातल्या भुकटीला पाहून मी तिला बॉस्टनमधील प्रयोगाची हकिकत सांगितली. डेव्हिड लुडविग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 12 स्थूल मुलांना सारख्याच कॅलरींच्या तीन न्याहाऱ्या दिल्या होत्या: झटपट ओट्स, जाडे कातरलेले ओट्स आणि भाज्या घातलेले ऑम्लेट. दुपारीही तशीच जेवणे देऊन पुढे त्यांना खाण्याची पूर्ण मोकळीक दिली, तेव्हा झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी ऑम्लेटच्या दिवसापेक्षा 81 टक्के आणि जाड्या ओट्सच्या दिवसापेक्षा 53 टक्के अधिक खाल्ले. सूनबाईने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आबा, थोडं थांबा, तुमची शिळी भाकरीही पाकिटात घालून विकायला निघतील बघा.” तेव्हापासून डब्यात जाडे ओट्स येतात, आणि त्यांत ती शेंगदाण्याचे कूट घालते. ते बरे लागतात, असे मी कबूल करतो. ठेचा मात्र वेगळा मागून घेतो.

लक्ष्मी चौकाच्या बाजूला एक गाडीवाला सकाळी सहापासून पोहे आणि मिसळ विकतो. फिरून येताना मी त्याच्यापाशी टेकतो. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले उभ्याउभ्या, एका हाताने फोन चाळीत, चार घासांत पोहे संपवितात. मिसळीचा भाव पोह्यांच्या दुपटीहून अधिक का, असे मी त्याला एकदा विचारले. तर्रीचा झारा कढईच्या काठावर आपटीत तो म्हणाला, “काका, पोहेवालं गिऱ्हाईक अकराला वड्याला परत येतंय. मिसळवालं दुपारपर्यंत फिरकत नाही. त्याच्याकडून एकदाच काय ते घ्यायला नको?”