कप्तानाने मदत मागितली

१९ जुलै १९८९ ची दुपार. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानात जेवणे आटोपत आली होती. २९६ माणसे, त्यांत बरीच मुले. अचानक मागून स्फोटासारखा आवाज झाला आणि सारे विमान थरथरले. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली होती.

तीनपैकी एक इंजिन बंद पडले तर काय करायचे, याची तालीम वैमानिकांना दिलेली असते. पण सहवैमानिक बिल रेकॉर्ड्स यांनी कंट्रोल पूर्ण डावीकडे फिरवला, तरी विमान उजवीकडेच कलत चालले. चकतीच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या नळ्या तोडल्या होत्या. पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग या नळ्यांतल्या तेलाच्या दाबावर चालतात. एक यंत्रणा गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, अशी तजवीज होती. तिन्ही एकदम जातील, हे कोणी धरलेच नव्हते. इंजिनिअर डडली ड्वोरॅक यांनी रेडिओवरून जमिनीवरच्या तंत्रज्ञांना विचारले. त्यांच्याकडेही उपाय नव्हता.

५७ वर्षांचे कॅप्टन अल हेन्स यांनी डाव्या इंजिनाचा जोर कमी केला, उजव्याचा वाढवला, तेव्हा कुठे विमान सावरले. आता सुकाणू म्हणून हातात होती ती फक्त दोन इंजिने.

तेवढ्यात प्रवाशांत बसलेले त्याच कंपनीचे प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांनी, काही मदत हवी का, असे विचारून पाठवले. हेन्सनी त्यांना लगेच आत बोलावले आणि इंजिनांच्या दांड्या त्यांच्या हाती सोपवल्या. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. एके काळी विमानात कॅप्टनचा शब्द शेवटचा असे. हाताखालचे लोक चूक दिसली तरी कचरत. (आपल्या घरांतल्या कर्त्या माणसांबद्दलही हेच म्हणता येईल!) १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ याच कंपनीचा एक कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला, की इंधन संपून विमान कोसळले आणि १० जण गेले. सहकाऱ्यांनी इंधनाचा विषय काढला होता, पण ठासून सांगितले नव्हते. त्यानंतर कंपनीने सर्वांनी बोलावे आणि कॅप्टनने ऐकावे, असे शिक्षण सुरू केले. हेन्स त्यातूनच गेले होते.

फिच दोन खुर्च्यांच्या मध्ये राहून दांड्या पुढेमागे करत राहिले. उतरल्यावर बिअर घेऊ, असे ते म्हणाले. आपण पीत नाही, पण आज नक्की घेऊ, असे हेन्सनी उत्तर दिले. प्रवाशांपासूनही त्यांनी काही लपवले नाही. उतरणे फार कठीण जाणार, हे स्पष्ट सांगितले.

स्फोटानंतर ४४ मिनिटांनी, नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने, विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आले. शेवटच्या क्षणी उजवा पंख टेकला, विमानाचे तुकडे झाले, आग लागली. ११२ जण दगावले. १८४ वाचले. पुढे सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिकांनी हाच प्रसंग करून पाहिला. असे विमान सुखरूप उतरवणे त्यांनाही जमले नाही.

वैमानिकांची खोली चेपून कमरेइतकी उरली होती. तो नुसता भंगाराचा ढीग समजून बचाव पथके अर्धा तास बाजूने जात राहिली. आत चौघेही जिवंत होते. हेन्स पुन्हा विमान चालवू लागले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. पुढे व्याख्यानांत कोणी त्यांना वीर म्हटले, की ते बाकीच्या तिघांची नावे घेत.