'आपण'मध्ये कोण कोण?

लहानपणी फुलसावंगीत एका ओसरीखाली बापासोबत उभा होतो. निवडणुकीचे दिवस. वर बसलेला माणूस म्हणाला, "आपण समदे एकाच गावचे." बाप खूश. मग चहा आला. तोच माणूस म्हणाला, "तुमी तिकडं बसा." चहा यायला लागला तेवढ्या वेळात 'आपण'चं 'तुमी' झालं. तेव्हापासून मले सर्वनामांचा नाद लागला. (व्याकरण शाळेत कमी शिकलो, ओसरीखाली जास्त.)

दोस्तांनो, इंग्रजाजवळ एकच 'वुई'. मराठीत दोन. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. संस्कृतात ही वाटणी नाही, तिथं दोघांनाही 'वयम्'. मग ही आली कुठून? आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पोडांवर कोलाम लोक कोलामी बोलतात. ती द्राविडी घराण्यातली, अन तिच्यात असे दोन शब्द आहेत. 'आपण' शब्द निघाला संस्कृतातल्या 'आत्मन्'पासून, पण तो असा वापरायची रीत मराठीनं द्राविडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलली, असं बरेच भाषापंडित मानतात. शुद्ध मराठीचा तोरा मिरवणारांनी एकदा पोडावर जाऊन यावं.

पण शब्द लबाड आहे. "आपण बसू" अन "आपण बसा". पहिल्यात मी तुझ्याजवळ बसतो. दुसऱ्यात तुले मान देऊन लांब बसवतो. कोण आत, कोण बाहेर, हे क्रियापद सांगते, अन मराठीत क्रियापद येते शेवटी. म्हणून 'आपण' ऐकलं की लगेच हुरळायचं नाही. वाक्य संपेस्तोवर थांबायचं.

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. कामगार सारे एक, असं तेव्हाही म्हणतच होते. पण कापड विणायच्या खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याले घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, अन आमच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटत होता. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मी सूतगिरणीत रिंगवर तुटलेला धागा बोटानं सांधतो, तेव्हा हटकून ते धोटं आठवते.

आता आपलंही सांगतो. 14 एप्रिलले विहारात मी कविता वाचली. ओळीओळीत 'आपण'. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी माय म्हणाली, "यात मी हाव का?"

मी म्हटलं, "हायेस ना माय, आपण म्हणजे समदे."

'मी जातो', 'मी जाते' यात बाई दिसते तरी. 'आपण जाऊ' म्हटलं की दिसतच नाही. माय काही व्याकरण शिकली नाही. ती म्हणाली, "मंग तुमी सतरंजीवर होते तवा आमी चुलीपाशी काऊन होतो?"

तिनं 'आमी' म्हटलं. मी ऐकणारा, बाहेर.

कविता अजून तशीच पडली आहे.