पाण्याचे सुतक

आमच्या पेडणे महालातून जी माणसे परदेशी गेली ती बहुधा आखातात किंवा बोटीवर. मी मालदीवला गेलो, आणि तेही समुद्राखाली काम करण्यासाठी. सुट्टीत घरी आलो की श्रीभगवतीच्या देवळापुढील दोन पाषाणी हत्तींपाशी भेटणारे वडीलधारे अजूनही विचारतात, "म्हणजे तू तिथे नेमके करतोस तरी काय?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मी आजवर कोणालाच दिले नाही. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

माझी पहिली बुडी धंद्याची नव्हती, धर्माची होती. माझे आजोळ डिचोली महालातील नार्वे. दिवाडी बेटावरून नदी ओलांडून आलेला श्रीसप्तकोटेश्वर तेथे नांदतो. 1668 साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. गोकुळाष्टमीला तेथे पंचगंगेच्या स्नानाचा मोठा महिमा. मामांनी दंड धरून मला पाण्याखाली नेले तेव्हा मी डोळे उघडे ठेवले होते. तो गढूळ, हिरवा उजेड मनातून कधी गेला नाही. पुढे मुरगावनजीकच्या ग्रांद बेटापाशी पर्यटकांना समुद्रतळ दाखविणाऱ्या होड्यांवर मी काम धरले, तेथेच शिकलो. परंतु पावसाळ्यात तो धंदा बंद आणि हात रिकामे. म्हणून मालदीव.

सुमारे बाराशे लहान लहान बेटांचा तो देश. माझे बेट बा नावाच्या प्रवाळवलयात आहे. राजधानी मालेहून तेथे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. लोकांना वाटते, पाणबुड्याचा दिवस रंगीत माशांत जातो. खरे पाहता तो सिलिंडर भरण्यात, ते खांद्यावरून होडीत चढविण्यात, पाहुण्यांचे पोशाख गोड्या पाण्यात खळबळण्यात आणि पाण्याखाली दुसऱ्यांच्या श्वासावर नजर ठेवण्यात जातो. पूजेसाठी मूर्ती नेण्यास त्या देशात मनाई आहे. म्हणून मी देव नेला नाही; सकाळी होडी सुटण्यापूर्वी डोळे मिटून मानसपूजा करतो. बाबा म्हणत, तीही देवाला पोहोचते.

आता या धंद्यातील मुख्य नियम सांगतो, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. पाण्याखाली दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली आपण जी हवा घेतो, तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर, सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे, अंगात बुडबुडे उठतात. त्याने सांधे धरतात, पक्षाघात होतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून आम्ही मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येत नाही, आणि पृष्ठभागाखाली पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो. एवढे करूनही अंगात काही शेष राहतोच. विमानात हवेचा दाब कमी असतो. यास्तव दिवसातून अनेक बुड्या मारणाऱ्याने शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे.

2023 सालच्या डिसेंबरात एके दिवशी दुपारी चार वाजता मी तिसरी बुडी आटोपून वर आलो. पाच वाजता धाकट्या भावाचा फोन आला. बाबा गेले होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्याच महालात, मोपाच्या पठारावर, विमानतळ सुरू झाला होता. "आता तू अर्ध्या दिवसात घरी," असे बाबा कौतुकाने म्हणत. आणि मी एका बेटावर, अंगात समुद्र घेऊन, घड्याळाकडे पाहत बसलो होतो. अठरा तास, मग माले, मग बेंगळूर, मग मोपा. भाऊ म्हणाला, "शीतपेटीत ठेवू. तू ये." ज्येष्ठ पुत्र मी. अग्नी देण्याचा अधिकार माझा. परंतु रात्रभर आईने त्या पेटीशेजारी बसावे, हे मला सोसवेना. मी म्हणालो, "थांबू नका. अग्नी तू दे." ती रात्र मी धक्क्यावर बसून काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचलो, तेव्हा स्मशानातील राखही निवली होती.

आईने रडून घेतल्यावर एवढेच विचारले, "पुता, उदकान तुका इतलो वेळ धरून दवरलो?" शेजारपाजारच्या नजरेतही तोच प्रश्न होता: विमानतळ दाराशी असून हा आला का नाही? मी आईला नायट्रोजन समजावू लागलो. दाब, रक्त, बुडबुडे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हें उदकाचें सुतक." मी थांबलो. ज्या घरात सुतकाचे दिवस बोटांवर मोजतात, आणि ते फिटल्याविना देवळाची पायरी कोणी चढत नाही, त्या घराला हे समजण्यास दुसऱ्या कोणत्या शास्त्राची गरज नव्हती. संध्याकाळी समाचाराला आलेल्यांना तिनेच ते सांगितले, आणि पुन्हा मला कोणी विचारले नाही.

नियम मी पाळला, आणि पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा पाळीन. बुडबुड्यांनी जखडलेला मुलगा त्या दिवशी आईच्या काय कामाचा? पण नियम पाळल्याने दुःख हलके होत नाही, हेही मी शिकलो. नव्या माणसांना पहिला धडा देताना मी म्हणतो, खाली जाणे सोपे आहे, शिकायचे आहे ते वर येणे. पूर्वी हे वाक्य मी सवयीने म्हणत असे.

आई आता एकटी असते. पूर्वी रोज संध्याकाळी तिचा फोन आला की ती विचारी, जेवलास का? आता ती आधी विचारते, "आयज दर्यांत देंवल्लो?" मी हो म्हटले की ती क्षणभर गप्प राहते. मला ठाऊक आहे, ती बोटांवर तास मोजत असते.